वृद्धाश्रमात गेल्यावर आठवण का ढळते?

प्रश्न : आई ७८ वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी वृद्धाश्रमात गेली. सकाळी बरी असते, संध्याकाळी मला ओळखत नाही. स्मृतिभ्रंश इतक्या झपाट्याने होतो?

उत्तर : सहसा नाही. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने वाढत जातो. थोड्या दिवसांत उद्भवलेला, दिवसभरात कमी-जास्त होणारा गोंधळ बहुधा डिलिरियम असतो, आणि कारण सापडलं तर तो अनेकदा उतरतो. आईंना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. एरवी जमणारं आता मध्येच अडकत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ‘नवी जागा आहे, रुळतील’ म्हणून थांबू नका.

आधी साध्या गोष्टी बघा. रात्री मदतीला कुणाला उठवायचं, या संकोचाने पाणी कमी प्यायलं जातं. पोट साफ होत नाही, लघवी तुंबते. म्हातारपणी जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही. रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन असेल तर रक्तातलं सोडियम उतरून गोंधळ होऊ शकतो. सोडियम, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासा. शाकाहारी असतील किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत असतील तर बी-१२ नक्कीच. मधल्या काळात पडल्या असतील तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. डोक्यात हळूहळू साचणारं रक्त काही आठवड्यांनीही त्रास देतं.

प्रश्न : बाबांची औषधं बदललेली नाहीत. तरी गोळ्यांचा संबंध असेल?

उत्तर : असू शकतो, आणि हे हमखास नजरेतून सुटतं. घरी अधूनमधून चुकणारी गोळी तिथे रोज वेळेवर पोटात जाते. मधुमेहाची ग्लिमेपिराइड पूर्ण आणि जेवण अर्धं, की साखर घसरते. उलटही घडतं : वर्षानुवर्षांची अल्प्राझोलाम (चिंता, झोपेसाठीची गोळी) यादीत लिहायची राहिली, तर ती एकदम बंद होऊन माणूस बिथरतो. झोपेची गोळी, सर्दीची क्लोरफेनिरामिन, लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन नव्याने सुरू झाली आहे का? यांनीही गोंधळ होऊ शकतो. आश्रमाचा औषधांचा तक्ता घरच्या पाकिटांशी ताडून डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून काही थांबवू नका.

प्रश्न : तपासण्या नॉर्मल आहेत. मग जागाच कारण?

उत्तर : कदाचित आजार आधीपासून असेल आणि ओळखीचं घर तो सावरून घेत असेल. डबे कुठे, दिवा कुठे, हे हाताला पाठ असतं. नैराश्यही विसराळूपणासारखंच दिसतं, तेही तपासून घ्या. खोलीत त्यांचंच घड्याळ, ठळक कॅलेंडर, घरची चादर ठेवा. नीट ऐकू यावं म्हणून कानातला मळ काढून घ्या. श्रवणयंत्र रोज सकाळी कानात कोण बसवतं, बॅटरी कोण बदलतं, त्या माणसाचं नाव विचारून घ्या.