वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्याच्या तोंडावरचा बर्फ

प्रश्न : मुलांच्या परीक्षा संपल्या की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गुलमर्गला जायचं ठरतंय. आम्ही दोघं नवरा-बायको थोडंफार स्नोबोर्डिंग शिकलेले आहोत, मुलं अगदी नवशिकी. तोवर बर्फ उरतो का? आणि दिवसात कधी उतरावं? (पुणे)

उत्तर : उरतो, पण सगळीकडे सारखा नाही. गुलमर्गचं मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे. गंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा, म्हणजे कोंगडोरी, तीन हजारांच्या थोडा वर. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. मार्च संपता संपता खालच्या मैदानात गवत डोकावायला लागतं आणि नवशिक्यांचे उतार नेमके तिथेच आहेत. मुलांना शिकवणं हाच सहलीचा मुख्य हेतू असेल, तर खरं म्हणजे फेब्रुवारी बरा. परीक्षांपुढे इलाज नसेल तर मुलांचा वर्ग सकाळी, बर्फ जरा मऊ होताच लावा आणि दुपार मोकळी सोडा.

वेळेचं गणित समजण्यासाठी बर्फाचं काय होतं ते पाहू. दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. असं आठ-दहा दिवस झालं की ताज्या बर्फाच्या नाजूक चांदण्या जाऊन एक ते तीन मिलिमीटरचे गोल दाणे तयार होतात. साबुदाणाच म्हणा ना. सकाळी तो कोरडा, एकमेकांना चिकटून दगड झालेला असतो. त्यावर एज, म्हणजे बोर्डची धातूची कड, लागत नाही, बोर्ड खडखडतो आणि पडलं की कोपर फुटतं. ऊन लागून वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सुटला की तोच उतार लोण्यासारखा होतो. वसंतातल्या स्कीइंगची मजा ती हीच. त्यानंतर आणखी दोन तास गेले की साबुदाणा जास्त भिजल्यासारखा गचका होतो. बोर्ड रुततो, गुडघे पिळवटतात.

मधली चांगली वेळ दीड-दोन तासांचीच असते आणि ती उताराच्या तोंडावर ठरते. पूर्वेकडचे उतार आधी सुटतात, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे. उत्तरेकडचे कधी कधी दिवसभर सुटतच नाहीत. ऊन जसं सरकेल तसं तुम्हीही उतार बदलत जा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. रात्री आकाश ढगाळ असेल तर बर्फ नीट गोठत नाही, मग हवा शून्याच्या आसपास असली तरी. स्वच्छ आकाशाखाली बर्फाची उष्णता वर निघून जाते, ढग असले की ते पांघरुणासारखे ती अडवतात. अशा रात्रीनंतरची सकाळ दहाच्या आधीच गचका झालेली असते. म्हणून झोपण्यापूर्वी बाहेर येऊन चांदण्या दिसतात का ते पाहून घ्या.

आणि थांबायचं कधी? बोर्डवरून पाय काढून बर्फात उभं राहा. बूट घोट्याच्या वर रुतला, किंवा उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत खाली यायला लागले, की तो उतार त्या दिवसापुरता संपला. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर झालेल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले. ती भर हिवाळ्यातली घटना होती. वसंतातलं स्खलन वेगळ्या कारणाने होतं. वितळलेलं पाणी थरांमध्ये झिरपतं, पकड सुटते आणि ओल्या सिमेंटसारखा जड लोंढा सावकाश पण न थांबणारा येतो. गस्तीपथकाने दोरी लावलेल्या हद्दीच्या बाहेर दुपारी जाऊ नका, कितीही मोह झाला तरी.

दुसऱ्या टप्प्यावर पहिल्याच दिवशी जाऊ नका, हेही सांगून ठेवतो. वर हवा विरळ असते आणि श्रीनगर १,६०० मीटरच्या आतच आहे. गुलमर्गला एक-दोन रात्री काढून मगच वर चढा.

प्रश्न : जॅकेटवर ‘१०,००० मिमी’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय? आमच्याकडे ट्रेकिंगचे विंडचीटर आणि सुती थर्मल आहेत, तेवढ्यावर भागेल का? (डोंबिवली)

उत्तर : १०,००० मिमी म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा दाब येईपर्यंत पाणी आत येत नाही. आकडा ऐकून भरपूर वाटतो, पण ओल्या बर्फात बूड टेकून बसलं किंवा गुडघ्यावर भार टाकला की दाब चांगलाच वाढतो. स्नोबोर्डवाला तर पट्टे बांधायला दर फेरीला खाली बसतो. त्यामुळे पैसे हात राखून खर्च करायचे असतील तर जॅकेटपेक्षा पँटवर घाला. पँट १५,००० किंवा वरची, जॅकेट १०,००० चालेल. दोन्हींच्या शिवणी आतून पट्टीने बंद केलेल्या हव्यात. दुकानात कपडा उलटा करून पाहा. सगळ्याच शिवणींवर चकचकीत पट्टी आहे की फक्त खांद्यावर आणि टोपीपाशी, ते लगेच दिसतं. फक्त मोक्याच्या जागी पट्टी असेल तर मार्चच्या ओल्या बर्फात मांडीची शिवण पहिल्या दिवशीच पाझरते.

दुसरा आकडा श्वसनाचा. चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, तो. हाही १०,००० तरी हवा. तुमचा ट्रेकचा विंडचीटर इथेच नापास होतो. भर पावसात तो घालून राजमाची चढलेल्यांना ठाऊक असेल, पाऊस बाहेरच राहतो पण आतला शर्ट घामाने पिळून काढण्याजोगा होतो. सह्याद्रीत त्याने फार बिघडत नाही. बर्फावर लिफ्टमध्ये दहा मिनिटं स्वस्थ बसलात की तोच घाम पाठीवर गार पडतो. वसंतात थंडी सकाळची तेवढीच असते. दिवसभराचं दुखणं ओलीचं. आतून घाम, बाहेरून वितळलेला बर्फ.

सुती थर्मल घरी ठेवा. सूत पाणी धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही. अंगाला लागून पातळ पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा एक थर पुरे (मेरिनो घ्याल तर १५० ग्रॅम प्रति चौरस मीटरचा). त्यावर पातळ फ्लीस, आणि वर अस्तर नसलेलं जॅकेट. काखेत चेन असलेलं जॅकेट मिळालं तर तेच घ्या, दुपारी ती उघडली की फ्लीस काढावा लागत नाही. भरगच्च पफर फक्त संध्याकाळी चहाला बाहेर पडताना.

गुलमर्गच्या खालच्या टंगमर्ग गावात भाड्याने मिळणारे लांब कोट आणि गमबूट फोटो काढण्यापुरते ठीक आहेत. कापूस भरलेला कोट एकदा भिजला की दुप्पट जड होतो.

आणि हातमोज्यांचे दोन जोड ठेवा. ओल्या बर्फात एक जोड जेवणाच्या सुट्टीपर्यंतही कोरडा राहत नाही.

प्रश्न : स्नोबोर्ड विकत घ्यावा की भाड्याने? माझं वजन ६५ किलो आहे, दोनदाच शिकलो आहे. (नाशिक)

उत्तर : बोर्ड भाड्याने घ्या, पण बूट परवडले तर स्वतःचे घ्या. वाईट बोर्डवर माणूस कसंबसं शिकतो, वाईट बुटात शिकूच शकत नाही.

बुटाचं माप मोंडो पद्धतीत असतं, म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहा आणि सर्वांत लांब बोटापाशी खूण करा. २६.५ आलं तर २६.५ चाच बूट. भारतात मिळणाऱ्या चपला-बुटांच्या नंबरावर विसंबू नका, एकेका कंपनीचा नंबर एकेक असतो. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं टोकाला हलकीशी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकली पाहिजेत. टाच उचलून पाहा, ती आत वरखाली होत असेल तर माप मोठं आहे. ‘सैल बरा, जाड मोजे घालू’ हा आपल्याकडचा आवडता उपाय इथे अंगलट येतो. दोन मोज्यांमध्ये घडी पडून फोड येतात, रक्त दबून बोटं उलट जास्त गारठतात. लोकरमिश्रित एकच पातळ मोजा, गुडघ्याखालपर्यंतचा. थर्मलचं टोक बुटात जाऊ देऊ नका.

आता बोर्ड. तुमच्या वजनाला साधारण १४८ ते १५५ सेंटिमीटर, म्हणजे उभा धरला तर हनुवटी ते नाकाच्या मधे. शिकणाऱ्याने त्यातला आखूड आणि मऊ घ्यावा. उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं आहे, दुकानदार मात्र बहुधा उंचीच विचारतो. रुंदीकडे कुणी बघत नाही. बूट बोर्डच्या दोन्ही बाजूंना एक-दीड सेंटिमीटर बाहेर आला तर चालतं. त्याहून जास्त आला तर वळताना टाच किंवा चवडा बर्फाला घासतो आणि तुम्ही सरळ उताणे. मऊ बर्फात एज खोल जाते, त्यामुळे वसंतात हे घासणं लवकर सुरू होतं. बूट २८.५ किंवा मोठा असेल तर रुंद, म्हणजे ‘वाइड’ बोर्ड मागा.

भाड्याचा बोर्ड घेताना पाच मिनिटं काढा. एजवरून नख आडवं फिरवा. नखाचा किंचित कीस निघाला तर धार आहे. गंज बोटाने पुसून जात असेल तर तो कालचा, खड्डे असतील तर जुना. तळाला खोल ओरखडा पडून आतलं लाकूड दिसत असेल तर तो बोर्ड परत करा, पाणी आत जाऊन तो फुगतो. बाइंडिंगच्या (बूट बोर्डला बांधणाऱ्या पकडीच्या) मधल्या चकतीचे चारही स्क्रू स्वतः पेचकसाने आवळा. पट्ट्यांचे दाते झिजलेले असतील तर उतारावर पट्टा निसटतो.

पुढे कोणता पाय, हे घरीच ठरवून जा. मोजे घालून लादीवर धावत येऊन घसरा. जो पाय आपसूक पुढे जातो तोच पुढचा. डावा असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. बहुतेक भाड्याचे बोर्ड रेग्युलर लावलेले असतात, गूफी असाल तर सांगून बदलून घ्या. पुढचं बाइंडिंग +१५ अंश (बोर्डच्या पुढच्या टोकाकडे वळलेलं), मागचं −६ ते −९ (मागच्या टोकाकडे) ठेवा आणि अंतर खांद्यांपेक्षा थोडं जास्त.

प्रश्न : सॅन होजेहून आम्ही दर एप्रिलमध्ये मॅमथच्या स्की-डोंगरावर जातो. दुपारी बोर्ड एकदम ब्रेक लागल्यासारखा अडकतो आणि तोंडावर पडायची वेळ येते. वॅक्स केलेलं असतं, तरीही. (कॅलिफोर्निया)

उत्तर : कुठलं वॅक्स केलंय, हा प्रश्न आहे. थंडीत बर्फाचे टोकदार कण तळाला खरवडतात, म्हणून तेव्हा कडक वॅक्स लागतं. एप्रिलमध्ये तळाखाली पाण्याचा अखंड पापुद्रा तयार होतो आणि दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात तसा बोर्ड बर्फाला चिकटतो. त्याला उन्हाळी, मऊ वॅक्स हवं (बहुतेक कंपन्या ते पिवळ्या रंगात देतात) आणि तळावर बारीक रेघांची नक्षी हवी. त्या रेघांतून हवा आत शिरते आणि पापुद्रा तुटतो.

बरेच जण वॅक्स लावून चकचकीत ठेवतात आणि ब्रशच फिरवत नाहीत. मग रेघा वॅक्सने बुजतात आणि सगळी मेहनत वाया जाते. क्रम असा : आधी तळ पुसा, वसंतातला बर्फ धूळ, परागकण आणि लिफ्टच्या तेलाने मळलेला असतो. बाइंडिंग काढा, नाहीतर स्क्रूंपाशी तळाला खळगे पडतात. वॅक्सची इस्त्री ११०-१२० अंश सेल्सियसवर ठेवून थेंब पाडा आणि सतत हलती ठेवून पसरवा. धूर निघाला तर उष्णता कमी करा. कपड्यांची इस्त्री वापरू नका, तिचं तापमान खालीवर होतं आणि एका जागी तळ जळतो. अर्धा तास गार होऊ द्या. प्लॅस्टिकच्या पट्टीने नाकाकडून शेपटीकडे (बोर्डच्या पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे) खरवडा, काहीच निघेनासं होईपर्यंत. मग पितळी ब्रश, त्यानंतर नायलॉनचा, त्याच दिशेने, वीस-पंचवीस वेळा.

खिशात चोळायच्या वॅक्सची डबी ठेवा, दोन-तीन फेऱ्या निघतात. उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जाताना वजन किंचित मागच्या पायावर घ्या, अडकतं ते नेमकं तिथेच. जुन्या दुकानात फ्लुओरिनचं वॅक्स स्वस्तात दिसलं तरी घेऊ नका. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांत त्यावर बंदी घातली आहे आणि ते पर्यावरणात टिकून राहतं.

प्रश्न : गॉगलची काच गडद घ्यावी की फिकी? मला चष्मा आहे. (कोल्हापूर)

उत्तर : निरभ्र वसंतासाठी श्रेणी ३, म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश आत येऊ देणारी. ढगाळ दिवसासाठी श्रेणी १, ४३ ते ८० टक्के. काच बदलता येणारा गॉगल घेतलात तर दोन्ही साधतं. चष्म्यावरून बसणारे मोठ्या साच्याचे गॉगल मिळतात, दुकानात चष्म्यासकट घालून पाहा. काड्या दबल्या नाहीत तरच घ्या. गॉगल कपाळावर सरकवून ठेवू नका, घामाची वाफ आत जाऊन काच धुकटते. आतली बाजू पुसू नका, फक्त टिपा. धुकं न धरणारा लेप पुसल्याने निघून जातो.

गॉगलशिवाय दुपार काढली तर त्रास लगेच जाणवत नाही. सहा-आठ तासांनी, रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून एसपीएफ ५० हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा, दर दोन तासांनी.

प्रश्न : तीनच दिवस आहेत. स्की शिकावं की स्नोबोर्ड? (सोलापूर)

उत्तर : स्की. तिसऱ्या दिवशी तुम्ही सोप्या उतारावर फिरत असाल, स्नोबोर्डचा तिसरा दिवस अजून पडण्यातच जातो. तरीही बोर्डच घ्यायचा असेल तर मनगटाचे संरक्षक घाला, नवशिक्यांची मनगटं हात टेकून पडल्याने मोडतात. हेल्मेट दोन्हींत हवंच, आतल्या चिठ्ठीवर ‘ईएन १०७७’ (बर्फावरच्या हेल्मेटचं युरोपीय मानक) आहे का पाहा.

प्रश्न : बूट रात्रीत वाळत नाहीत. हॉटेलात बुखारी (खोली गरम ठेवणारी शेगडी) असते, तिच्याजवळ ठेवले तर? (ठाणे)

उत्तर : जवळ नको. आतलं अस्तर बहुधा उष्णतेने पायाचा आकार घेणाऱ्या फोमचं असतं. बुखारीला चिकटून ठेवलं की ते आकसतं आणि सकाळी बूट एका मापाने लहान झालेला असतो. अस्तर बाहेर काढा, नाड्या पूर्ण सैल करा, आत वर्तमानपत्राचे चुरगाळलेले बोळे भरा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर उलटे टांगा. झोपण्यापूर्वी बोळे एकदा बदला, पहिले चिंब झालेले असतात.