आधी जर्सी उलटी कर

रत्नागिरी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कॅनडात मॉन्ट्रियलच्या दुकानातल्या आइस हॉकीच्या (बर्फावरच्या हॉकीच्या) लाल जर्सीचे फोटो मिळाले. दुकानदार ती १९६०च्या दशकातली, सामन्यात घातलेली म्हणतो. सामन्यात घातलेली असेलही, पण १९६०च्या दशकातली नाही. कापडाला जाळी आहे, आणि जाळीचं कापड नॅशनल हॉकी लीग या तिकडच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये रुळलं ते १९७०च्या दशकात. त्याआधी ड्युरीन नावाचं जाड, तकतकीत सुती वीणकाम असे, आणि त्याच्याही आधी निव्वळ लोकर. लोकर, ड्युरीन, जाळी हा क्रम डोक्यात पक्का ठेव. अर्धे लबाड इथेच उघडे पडतात.

तू सगळे फोटो समोरून काढलेस. छातीवरचं बोधचिन्ह झकास दिसतंय, पण ते कोणीही शिवून देतो. जर्सी उलटी कर आणि पाठीवरच्या आकड्यांचे टाके आतून बघ. जुने संघ काटकसरी. घरच्या सामन्यांची एक आणि बाहेरच्या सामन्यांची एक, एवढ्यावर हंगाम काढायचे. मग तीच जर्सी खालच्या दर्जाच्या संघाकडे जायची. आकडा उसवायचा, दुसरा लावायचा. म्हणून आत सुईची रिकामी भोकं रांगेत दिसतात, बाहेर जुन्या आकड्याच्या आकाराचा कमी विटलेला भाग दिसतो. नवखा माणूस याला खराबी समजून भाव पाडून मागतो. मी अशा जर्सीसाठी दोन पैसे जास्त मोजेन.

मागच्या कडेला आतून एक पट्टा असतो, तो पँटला अडकवतात. बर्फावर मारामारी जुंपली की समोरचा जर्सी डोक्यावरून ओढून हात जखडायला बघतो, त्यावर हा उपाय. बफेलो संघाचा खेळाडू रॉब रे उलटं करायचा: मुद्दाम जर्सी अंगातून निसटू द्यायचा, म्हणजे समोरच्याला धरायला काही उरत नसे. १९९०च्या दशकात लीगने त्यावर शिक्षा लावली आणि पट्टा बांधणं भाग पडलं. पण चाहत्यांना विकल्या जाणाऱ्या महागड्या जर्सीलाही पट्टा असतोच, त्यामुळे तो नुसता असून भागत नाही. तो वापरलेला हवा. टिचबटण घासलेलं, वेल्क्रोत धागे अडकलेले, शिवण ताणलेली.

आता झिजेकडे. आपलं खरं काम इथे आहे. प्रत्येक खुणेला कारण सापडलं पाहिजे. खेळाडू रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कठड्यावर आदळतो तेव्हा बाही घासते, उष्णतेने पॉलिस्टर वितळतं आणि ती जागा कडक, चकचकीत होते. तिकडे त्याला बोर्ड बर्न म्हणतात. पक, म्हणजे चेंडूच्या जागी वापरतात ती चकती, रबराचा; तो लागला की काळा डाग पडतो. लोकर मात्र वितळत नाही. लोकरी स्वेटरवर असा चकचकीत डाग दाखवून कोणी भाव वाढवू लागला तर चहा पिऊन ऊठ. गोलरक्षकाच्या जर्सीचा घेर मोठा असतो आणि तिची झीज पॅडच्या पट्ट्यांखाली पडते. तिकडचा सर्वांत नावाजलेला खेळाडू वेन ग्रेट्झ्की जर्सीची उजवी कड पँटमध्ये खोचून खेळायचा, तेव्हा त्याच्या नावावर खपवलेल्या जर्सीच्या दोन्ही कडा सारख्याच झिजलेल्या असतील तर मला शंका येईल. खोटी झीज सँडपेपरने करतात. ती एकाच दिशेची असते, आणि ग्राहकाला दिसेल तिथेच असते. काखेत, कोपराच्या आतल्या बाजूला कोणी सँडपेपर लावायला जात नाही. जिथे खरं भोक पडलं तिथे संघाच्या माणसाने हाताला लागेल त्या दोऱ्याने घाईत रफू केलेलं असतं. सुबक रफू दिसला की मी उलट सावध होतो.

नियमांच्या तारखाही कामी येतात. पाठीवर नाव सक्तीचं झालं १९७७-७८च्या हंगामात. टोरंटो संघाचा मालक हॅरल्ड बॅलार्ड इतका हट्टी की सक्ती झाल्यावर त्याने निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरांत नावं शिवली! तुझ्या लाल जर्सीवर नाव नाही आणि ते उसवल्याची भोकंही नाहीत, हे बघता ती १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धातली असू शकते. दुसरी तारीख रंगाची. १९७०-७१ पासून २००२-०३ पर्यंत यजमान संघ पांढऱ्यात उतरायचा, २००३-०४ पासून गडद रंगात. म्हणजे १९८५ सालची, मॉन्ट्रियलच्याच मैदानावर घातलेली लाल जर्सी कोणी दाखवली तर त्याला दोन प्रश्न विचारायला हरकत नाही.

शेवटची कसोटी छायाचित्राची. सामन्यातल्या फोटोशी जर्सी ताडून बघायची, पण डाग जुळवत बसू नकोस, डाग धुण्यात जातात. आकड्याची कड जाळीच्या कोणत्या भोकाला कापते, टाका कुठे वाकडा गेलाय, ठिगळ कुठे आहे, ते बघ. दोन जर्सी या बाबतीत सारख्या निघत नाहीत. विक्रेता प्रमाणपत्र पुढे करेल. पेटीवर देवगड छापलं म्हणून आतला आंबा देवगडचा होत नाही, हे तुला मी सांगायला नको. कागद वाच, पण जर्सी बघून झाल्यावर.

पैशांचं म्हणशील, तर लिलावाच्या बातम्यांनी हुरळू नकोस. कॅनडाच्या पॉल हेंडरसनने १९७२ साली सोव्हिएत संघाविरुद्ध मॉस्कोत निर्णायक गोल केला तेव्हा अंगात असलेली जर्सी २०१० मध्ये १० लाख डॉलरच्या वर गेली, ग्रेट्झ्कीची १९८८ची २०२२ मध्ये १४ लाखांच्या वर. ते आपलं क्षेत्र नाही. ज्युनिअर आणि खालच्या लीगच्या जर्सी घे. तिथे खेळाडू कमी प्रसिद्ध, म्हणून भाव माफक आणि नकलाही कमी. शिकायला याहून चांगला माल नाही.

घरी पाठवलीस तर आईला आधी फोन कर. ती प्रेमाने भिजत घालेल, ब्रश मारेल आणि पकचे डाग, घामाचे डाग, सगळा पुरावा मोरीत वाहून जाईल. धुवायची नाही, इस्त्री तर मुळीच नाही. हँगरला लावली तर लोकर आणि ड्युरीन स्वतःच्या वजनाने लांबतात, म्हणून आडवी ठेवायची. आपल्याकडचा पावसाळा आणि खारी हवा म्हणजे बुरशी आणि गंजलेली टिचबटणं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीस तर दमटपणा आत कोंडतो. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती चादरीत गुंडाळ, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि गणपतीनंतर हवा कोरडी झाली की सावलीत उलगड. उन्हात नको, रंग उडतो. लोकरीला कसर लागते म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडात बांधून लांब ठेव. बोधचिन्हाला चिकटल्या तर नुकसान होतं.

आणि पैसे देण्याआधी कस्टम्सच्या माणसाकडे चौकशी कर. वापरलेले कपडे देशात आयात करण्यावर निर्बंध आहेत. स्वतःच्या सामानातून एखादी जर्सी आणणं वेगळं आणि कुरिअरने गठ्ठा मागवणं वेगळं. दुकानदार "काही होत नाही" म्हणेल, पण अडकलं तर तो मॉन्ट्रियलला असेल.

आकड्यांच्या आतल्या बाजूचे आणि मागच्या कडेचे फोटो पाठव. उजेड तिरका पडू दे, म्हणजे सुईची भोकं दिसतील. तोपर्यंत त्याला हो म्हणू नकोस, दुकानात परत चक्कर मारायची झाली तर मार.

तुझा,
काका