घर, शोषखड्डा आणि बाग: आराखड्याआधी माती पाहा

प्लॉटवर वर दोन-तीन फूट काळी चिकणमाती आहे आणि तिच्याखाली मुरूम लागतो. अशा जागी घराचा पाया, सेप्टिक टँकचा शोषखड्डा आणि मागची बाग या तिन्हींसाठी एकच माती परीक्षण पुरेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते ते पुरणार नाही. पायाला न हलणारी माती हवी असते, शोषखड्ड्याला पाणी सावकाश पण खात्रीने पुढे जाऊ देणारी हवी असते आणि झाडांना पाणी व हवा दोन्ही राखणारी हवी असते. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या खोलीवर पाहाव्या लागतात, आणि एकाच प्लॉटच्या दोन टोकांना माती निराळी निघू शकते. म्हणून आराखडा पक्का होण्यापूर्वी निदान तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन प्रत्येक थर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याची नोंद करा.

काळ्या मातीत पाणी शिरताच फुगणारी आणि वाळताच आक्रसणारी खनिजे असतात. घराच्या मध्याखालची माती बरीचशी स्थिर राहते, पण कडेची माती ऋतूप्रमाणे वरखाली होते आणि मग खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. तुमच्याकडे मुरूम उथळ असल्याने काळा थर पूर्ण काढून पाया घट्ट मुरमावर टेकवणे हा सरळ मार्ग आहे. जोत्यात मात्र तीच काढलेली काळी माती भरू नका. हे काम करणारे सोयीसाठी ती तिथेच टाकतात आणि पुढे फरशी उचलली जाते. घराचा एक भाग मुरमावर आणि दुसरा जुन्या भरावावर येत असेल, तर दोन्ही बाजू सारख्या खचणार नाहीत, त्यामुळे अशा जागी संरचना अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शोषखड्ड्याबाबत सर्वाधिक गैरसमज दिसतात, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो आणि त्याचे काही प्रमाणात विघटन होते, पण बाहेर पडणारे पाणी रोगजंतूंनी भरलेलेच असते. त्याचे खरे शुद्धीकरण टाकीनंतरच्या मातीत, जिथे कणांमधल्या पोकळ्यांत हवा शिल्लक असते अशा थरात होते. पाणी झटपट जिरते म्हणून जागा उत्तम, हा समज त्यामुळेच धोक्याचा आहे. भरड मुरमातून किंवा खडकाच्या भेगांतून पाणी न गाळताच विहिरीपर्यंत पोहोचू शकते. उलट घट्ट चिकणमातीत ते जिरतच नाही आणि वर येऊन साचते.

चाचणी सोपी आहे. शोषखड्ड्याच्या नियोजित खोलीवर लहान खड्डा घ्या, तो रात्रभर पाण्याने भिजत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरून पातळी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजा. तासाभराहून अधिक वेळ लागत असेल तर साधा शोषखड्डा चालणार नाही, आणि मिनिटभरातच पाणी उतरत असेल तर भूजलाची काळजी करा. कोरड्या दिवसांतली चाचणी फसवी ठरते, कारण भेगाळलेली काळी माती तेव्हा पाणी पिते आणि पुढे फुगून तोंड मिटते. खड्ड्याच्या भिंतीत करडे पट्टे आणि तांबूस ठिपके दिसले, तर तिथवर वर्षातले काही महिने पाणी चढते असे समजावे, आणि शोषखड्ड्याचा तळ त्या पातळीच्या पुरेसा वर ठेवावा. जागा निवडताना तो विहिरीपासून शक्य तितका लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या, आणि किमान अंतराचा स्थानिक नियम तपासा. ओल्या चिकणमातीत खोदकाम करू नका. यंत्राच्या बकेटने बाजू लिंपल्या जातात आणि जिरण्याची वाटच बंद होते.

बागेसाठी तुमची काळी माती ही चांगली ठेव आहे. पायासाठी काढलेला वरचा थर वेगळा रचून ठेवा, खालच्या मुरमात मिसळू देऊ नका, आणि बांधकाम संपल्यावर बागेच्या जागी परत पसरा. निचरा सुधारण्यासाठी त्यात थोडी वाळू घालण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण तेवढ्या वाळूने माती आणखी घट्ट बसते; भरपूर कुजलेले कंपोस्ट आणि उंच वाफे यांचा उपयोग अधिक होतो. सिमेंटचे अवशेष बागेत मिसळले तर मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचे माप) वाढतो आणि पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, कारण मुळांना लोह घेता येत नाही. म्हणून काँक्रीट कालवण्याची जागा बागेबाहेर ठरवून द्या. मोठी झाडे घरापासून दूर लावा, कारण त्यांची मुळे कडेच्या काळ्या मातीतला ओलावा ओढून ती आणखी आक्रसवतात. शोषखड्ड्यावर आणि त्याच्या भोवती गवताखेरीज काही लावू नका, तिथून वाहनेही नेऊ नका, आणि गाजर-मुळ्यासारख्या भाज्यांचे वाफे त्यापासून लांबच ठेवा.