शॉवरच्या भिंतीला मोठी टाइल लावायची आहे : अ‍ॅढेसिव्ह कोणतं आणि वॉटरप्रूफिंग कोणतं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: घोडबंदर रोडला टॉवरमध्ये फ्लॅट आहे, खालच्यांच्या छताला ओल आल्यामुळे शॉवरचा भाग फोडून नव्याने करताय आणि भिंतीला 2 बाय 4 फुटी विट्रिफाइड टाइल पसंत केली आहे. मिस्त्री म्हणतो, सिमेंटच्या मालात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड टाकलं की काम झालं. दुकानदार म्हणतो, महागातलं अ‍ॅढेसिव्ह घ्या, वेगळं वॉटरप्रूफिंग नकोच.

कृपा करून दोघांचंही ऐकू नका. पाणी अडवणं हे लेपाचं काम आणि टाइल धरून ठेवणं हे अ‍ॅढेसिव्हचं. एक दुसऱ्याचं काम करत नाही. मी ठाणे आणि नवी मुंबईत बाथरूम नव्याने करून देण्याचीच कामं घेतो. चांगल्या घरांमध्ये पैसा वाया जाताना बघितलाय तो बहुतेक वेळा याच गोंधळापायी.

फोडायच्या आधी ओल कुठून येते ते बघा. बाथरूम दोन दिवस बंद ठेवूनही खाली थेंब पडत राहिला तर आतली पाण्याची लाइन फुटलेली असण्याचा संशय घ्या. आंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचं पाणी जाण्याचं तोंड), त्याचा जोड किंवा जमीन. पहिल्या प्रकारात कितीही भारी लेप लावला तरी उपयोग नाही. नवी लाइन टाकली की भिंतीच्या खाचा बुजवण्याआधी प्लंबरकडून पंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या. तो टाळाटाळ करेल, तरी सोडू नका. आणि सोसायटीला पत्र देऊनच काम काढा. बाथरूम-संडासमधून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे सभासदावरच येतो, तेव्हा खालच्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना विश्वासात घेतलेलं बरं. पुढे चाचणीच्या वेळी त्यांची गरजही लागणार आहे.

आता लेप. मिस्त्री म्हणतो ते लिक्विड वाईट नाही. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला 200 मिली, असं प्रमाण बऱ्याच डब्यांवर असतं. त्याने माल घट्ट होतो, बारीक छिद्रांतून पाणी झिरपणं कमी होतं. पण जिथे भेग पडते, जिथे पाइप भिंतीतून बाहेर येतो, जिथे जमीन आणि भिंत मिळतात, तिथे ते काही करू शकत नाही. गळती नेमकी त्याच जागांतून होते. म्हणून मालात लिक्विड घाला, हरकत नाही, पण त्यावर दोन घटकांचा सिमेंट-अ‍ॅक्रिलिक लेप हवाच. एका डब्यात द्रव, एका पिशवीत पावडर, असा तो मिळतो. डॉ. फिक्सिट, फोसरॉक, सिका, सगळ्यांकडे आहे. ब्रँडवरून डोकं लढवू नका, लावण्यावरून लढवा.

लावायच्या आधी कोपऱ्यात, जमीन आणि भिंतीच्या सांध्याला, मालाची गोलाई काढून घ्या. काटकोनात लेप पातळ बसतो आणि तिथेच तडकतो. नहाणी ट्रॅपच्या भोवती स्लॅबमध्ये जी फट राहते ती साध्या मालाने नाही, न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे फटी भरायच्या तयार मालाने भरा. मग जागा ओलसर करा, पण पाणी साचलेलं नको. पहिला हात आडवा, तो सुकला की दुसरा उभा. सांध्यांवर आणि पाइपांभोवती पहिला हात ओला असतानाच फायबरची जाळी दाबून बसवा. संपूर्ण जमीन, शॉवरच्या भिंती शॉवरच्या तोंडाच्या वरपर्यंत आणि बाकीच्या भिंती निदान फूटभर. जुलै-ऑगस्टमध्ये काम काढलं असेल तर आपल्याकडच्या दमट हवेत दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त लागतं. अंगठा दाबून बघा, चिकट लागला तर थांबा.

कोणी पॉलियुरेथेनचा लेप सुचवला तर तोही उत्तम आहे, फक्त तो गुळगुळीत होतो आणि सिमेंटचं अ‍ॅढेसिव्ह त्याला धरत नाही. शेवटचा हात ओला असताना त्यावर कोरडी वाळू शिंपडावी लागते. काळ्या डांबरी लेपावर तर थेट टाइल लावूच नका.

लेप पुरता सुकला, म्हणजे कंपनीने सांगितलेले दिवस भरले, की ट्रॅपला बूच मारून दोन इंच पाणी भरा. पातळीवर पेन्सिलने रेघ ओढा आणि 48 तास ठेवा. खाली जाऊन छत हाताने चाचपून या, नुसतं डोळ्यांनी बघून कळत नाही. उकाड्यात पाणी किंचित उडतं, ते सोडून द्या. या चाचणीशिवाय एकही टाइल लावू देऊ नका, कारण टाइल लागल्यावर गळती शोधायची म्हणजे पुन्हा सगळं फोडणं आलं.

अ‍ॅढेसिव्हकडे येऊ. विट्रिफाइड टाइल पाणी जवळपास पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जुनी सिरॅमिक टाइल सिमेंटचं पाणी ओढून घ्यायची, म्हणून मालावर बसायची. विट्रिफाइडच्या पाठीत सिमेंटला शिरायला वावच नाही. शिवाय तुमची टाइल 9 मिमी जाड असेल तर एकेक नग 15 किलोच्या आसपास भरतो. भारतीय मानक आयएस 15477 मध्ये अ‍ॅढेसिव्हचे टाइप 1 ते 5 दिलेत. टाइप 1 घरातल्या साध्या सिरॅमिकसाठी. तुमच्या टाइलला टाइप 3 च्या खाली जाऊ नका. गोणीवर 'सी 2 टी ई' असं युरोपीय वर्गीकरण दिसलं तर 'टी' म्हणजे उभ्या भिंतीवरून न घसरणारं आणि 'ई' म्हणजे पसरल्यावर जास्त वेळ चिकटपणा टिकवणारं. भिंतीसाठी 'टी' महत्त्वाचं.

दुकानदाराने भिंत कसली आहे हे विचारलंच नसेल. तुमच्याकडच्या नव्या टॉवरमध्ये पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियम शटरिंगच्या, म्हणजे मायव्हानच्या काँक्रीट भिंती असतात. त्या काचेसारख्या गुळगुळीत, वर शटरिंगच्या तेलाचा अंश. तिथे टाचे मारून, म्हणजे छिन्नीने खडबडीत करून, घासून, धुऊनच लेप द्यायचा आणि अ‍ॅढेसिव्ह 'एस 1' म्हणजे थोडं लवचिक घ्यायचं. ब्लॉकची भिंत असेल तर आधी सिमेंटचं प्लास्टर. जिप्समचं प्लास्टर शॉवरमध्ये कुठेही राहू देऊ नका.

लावण्याची पद्धत मी स्वतः उभा राहून बघतो. नेरूळला एका घरात सैल झालेली टाइल काढली, तर मागे मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. बाकी सगळी पोकळी आणि तिच्यात काळं पाणी. टाइलवर टिचकी मारली की बद्द वाजायची. शॉवरमध्ये असं चालत नाही, मागचा निदान 95 टक्के भाग भरलेला हवा. 10 मिमी दात्यांच्या थापीने भिंतीवर एकाच दिशेने सरळ रेघा ओढायच्या, टाइलच्या पाठीवरही पातळ हात द्यायचा. त्याआधी पाठ ओल्या फडक्याने पुसायची. तिथे भट्टीची पांढरी भुकटी असते आणि ती तशीच राहिली तर अ‍ॅढेसिव्ह भुकटीला चिकटतं, टाइलला नाही. दुसरी-तिसरी टाइल लावल्या लावल्या काढायला सांगा आणि पाठ बघा. रेघा मोडून सपाट पसरल्या असतील तर ठीक, नाहीतर थापी बदला.

बादलीत आधी पाणी, मग पावडर, पाच मिनिटं थांबून पुन्हा घोटायचं. घट्ट होत आलं म्हणून वरून पाणी घालू द्यायचं नाही, ते टाकून द्यायचं. पाणी पिण्याचं वापरा, बोअरचं क्षारयुक्त वापरलं तर पुढे सांध्यांतून लोणा फुटतो.

20 किलोची गोणी 3 मिमी जाडीला साधारण 50 चौरस फूट जाते. दोन्हीकडे हात दिला की बरीच कमी, तेव्हा त्या हिशेबाने गोण्या मागवा. टाइलमध्ये 2 मिमीचे स्पेसर आणि सांध्यांत इपॉक्सी ग्राउट. तो लगेच पुसून घ्यावा लागतो, नंतर डाग जात नाही. उभे कोपरे आणि भिंत-जमिनीचा सांधा मात्र ग्राउटने भरू नका, तिथे बुरशीरोधक सिलिकॉन. दोन भिंती वेगवेगळ्या हलतात, ग्राउट तडकतो.

भिंत काँक्रीटची आहे की ब्लॉकची ते टाइल फोडल्यावर बघून इथेच कळवा, म्हणजे 'एस 1' चा जास्तीचा खर्च करायचा की नाही ते सांगता येईल.