नऊवारी नेसली की घातली?

एका वाचक बाईंनी विचारलं आहे: "पुतणीने लग्नासाठी शिवलेली नऊवारी आणली. 'काकू, मी नऊवारी घातली' असं ती म्हणाली, तर सासूबाईंनी तिला लगेच टोकलं, 'घातली काय, नेसली म्हण!' शिवलेल्या लुगड्यालाही नेसणंच म्हणायचं का? आणि मुळात हे दोन शब्द वेगळे का?"

पुतणी बरोबर बोलली. सासूबाईंचा कानही तितकाच खरा आहे. फक्त त्यांच्या मनातली नऊवारी वेगळी होती आणि पुतणीच्या अंगावरची वेगळी.

माझी आजी म्हणायची, "लुगडं घालतात ते दोरीवर, अंगाला नेसतात." लहानपणी मला ती नुसती टोकाटोकी वाटायची. पुढे तिला लुगडं नेसताना नीट पाहिलं, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ लागला. घडी मोडून ती लुगडं मागून कमरेभोवती घ्यायची, पुढे पोटाशी घट्ट गाठ बसवायची. एक टोक पदर म्हणून खांद्यावर जायचं. मधल्या कापडाच्या निऱ्या बोटांनी मोजल्यासारख्या पडायच्या. त्या पोटाशी खोचल्या की वरचा भाग दुमडून ओचा व्हायचा. मग निऱ्यांचा खालचा काठ पायांमधून मागे न्यायचा आणि पाठीशी खोचायचा, तो कासोटा. सुई नाही, दोरा नाही, नाडी नाही. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या सपाट कापडाला आकार येतो तो गाठ, घडी आणि खोचणं एवढ्यावर. रात्री सोडलं की पुन्हा ते सपाट कापडच. या सगळ्या कृतीला मराठीत एकच शब्द आहे, नेसणं.

घालणं म्हणजे आधीच आकार असलेल्या वस्तूत अंग सरकवणं. हात बाहीत जातात म्हणून चोळी घालतात. पोलकं, झंपर, ब्लाउज ही नावं काळानुसार बदलली, पण क्रियापद 'घालणं' तेच राहिलं. सलवार घालतात, सदरा घालतात, टोपी घालतात. आता शिवलेली नऊवारी पाहा. निऱ्या शिवून पक्क्या केलेल्या, कासोटा मागे शिवलेला, कमरेला इलॅस्टिक नाहीतर हुक. पाय आत घालायचे आणि वर ओढायची. हाताने जे केलं ते घालणंच झालं. मग 'घातली' म्हणण्यात चूक कसली? उलट तिला 'नेसली' म्हटलं तर नेसण्याची जी मेहनत आणि कसब, त्याचा शब्द फुकट जातो.

क्रियापद कपड्याच्या नावावर ठरत नाही, कृतीवर ठरतं. धोतर पुरुषाचं, पण नेसतातच. सोवळं नेसतात, पंचा नेसतात, पीतांबर नेसतात. उलट उपरणं लांबट, न शिवलेलं कापडच, तरी ते कुणी नेसत नाही. ते खांद्यावर घेतात. शाल पांघरतात, फेटा बांधतात, पदर घेतात. म्हणजे कापड न शिवलेलं असणं एवढ्याने भागत नाही, ते कमरेला बसावं लागतं.

याची खरी परीक्षा परकर घेतो. परकर शिवलेला, नेफ्यात नाडी ओवलेली, तरी जुन्या घरांत 'परकर नेस आणि पोलकं घाल' असं सर्रास ऐकू येतं. शिवण आहे, पण कमरेला गाठ मारून बसवायचा आहे, म्हणून तो नेसण्याच्या घरात राहिला. त्याच मुलीच्या अंगावरचं पोलकं मात्र बिनतक्रार 'घालण्या'कडे. आज बऱ्याच जणी परकरही 'घालतात', आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. सीमेवरच्या गावाला दोन्ही भाषा येतात.

कमरेखाली एक शब्द आणि वर दुसरा, ही वाटणी आजीच्या काळापेक्षा पुष्कळ जुनी आहे. 'नेसणे' मागे मागे नेलं की संस्कृतातल्या नि + वस् पाशी पोचतं. हा वस् म्हणजे वस्त्र धारण करणं. वस्त्र, वसन हे शब्द त्यातूनच आले. पाली ग्रंथांत भिक्खू सकाळी भिक्षेला निघतो तेव्हा 'निवासेत्वा', म्हणजे नेसून, पात्र आणि चीवर, म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, घेऊन निघतो. खालच्या वस्त्रासाठी पालीत 'निवासेति' आणि वरच्या चीवरासाठी 'पारुपति'. या दुसऱ्या शब्दाचं मूळ प्र + आ + वृ, म्हणजे झाकणं. त्याच मुळातून प्राकृतात 'पंगुरण' झालं आणि मराठीत पांघरणं, पांघरूण. म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांसाठी जी जोडी वापरात होती, तीच आपण अजून रोज वापरतो: खाली नेसणं, वर पांघरणं. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला पकडून सांगितलं होतं.

शेजारच्या कानडीतही अशी वाटणी आहे. साडी आणि धोतर यांना 'उडु', तर चोळी-दागिन्यांना 'तोडु', आणि एकूण कपडेलत्ते म्हणजे 'उडुगे-तोडुगे'. कोकणीत आपल्यासारखंच 'न्हेसप' आहे. हिंदीत मात्र साडीही पहनतात आणि कुर्ताही पहनतात. 'साडी घातली' हे आपल्याकडे इतकं का पसरलं, याचं एक कारण मला हिंदी मालिका आणि जाहिराती यांच्या सतत कानावर पडण्यात दिसतं. दुसरं कारण साधं आहे: रोज नेसणाऱ्या कमी झाल्या. जी कृती हातून जाते तिचा शब्दही हळूहळू तोंडातून जातो.

आता एक गोष्ट, जी प्रश्नात नाही पण सांगितल्यावाचून राहवत नाही. 'तिने साडी घातली' हे ठीक. पण 'तिने साडी नेसली' हे जुन्या, मुरलेल्या मराठीला खटकतं. तिथे 'ती साडी नेसली' असं येतं. 'मी लुगडं नेसले', 'तो धोतर नेसला', 'मुली साड्या नेसल्या'. क्रियापद साडीप्रमाणे नाही, नेसणारीप्रमाणे बदलतं. कर्म असूनही भूतकाळात कर्त्याला 'ने' न लावणारी अशी थोडीच क्रियापदं मराठीत आहेत: ती धडा शिकली, तो पाणी प्याला, ती नाव विसरली. त्यातच नेसणं आणि त्याचं जोडीदार लेणं, म्हणजे दागिने वगैरे अंगावर घालणं. 'ती दागिने ल्याली' म्हणतो, 'तिने दागिने ल्याले' नाही. फरक ऐकायचा असेल तर धोतर घ्या: 'तो धोतर नेसला' आणि 'त्याने धोतर नेसलं' ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. 'तिने साडी नेसली' हल्ली छापील मजकुरातही दिसतं. ते 'तिने साडी घातली'च्या साच्यात 'नेसली' बसवून झालेलं आहे. मी स्वतः ते लिहीत नाही आणि कुणी लिहिलं तर दुरुस्त करते.

नेसण्याचा पसारा वाक्प्रचारांतही आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडावं लागलं तर 'नेसत्या वस्त्रानिशी' बाहेर पडली म्हणतात. नीट, घट्ट, काठ जागच्या जागी अशी साडी असेल तर ती 'चापूनचोपून नेसलेली'. घाईत कशीबशी लावली तर 'गुंडाळली', आणि इथे शब्द बदलतो हे लक्षात घ्या: गुंडाळण्यात निगुती नाही, म्हणून तिला नेसणं म्हणत नाहीत. नेसण्याची पद्धत ती 'नेसण'. कासोटा असलेली नेसण सकच्छ, नसलेली विकच्छ. हे पोथीतले शब्द. घरातल्या बायका विकच्छला 'गोल नेसणं' म्हणत, आणि पाचवारी पातळ घरोघरी आलं तेव्हा 'ती आता गोल नेसते' एवढ्या वाक्यात एका पिढीचा बदल सांगून होत असे. 'पातळ' हाही छान शब्द: कापडाचा गुण सांगणारं विशेषण, तेच वस्त्राचं नाव होऊन बसलं.

कासोट्यातली 'कास' तर कपड्याबाहेर पार दूर गेली. विठ्ठलाच्या 'कासे पीतांबर' आहे तीच ही कास, कमरेला कसलेलं वस्त्र. पोहणाऱ्याच्या कासेला धरून दुसऱ्याने नदी पार करायची, त्यावरून एखाद्याच्या कासेला लागणं म्हणजे त्याचा आधार घेणं. आज 'विज्ञानाची कास धरा' असं भाषणात ऐकतो तेव्हा हातात खरं तर कुणाचं तरी कमरेचं वस्त्र असतं.

लुगडं आणि साडी यांबद्दलही पुष्कळ जण विचारतात, त्याबद्दल थोडक्यात: साडी संस्कृतातल्या 'शाटी'वरून, आणि ती शाटी म्हणजे वस्त्राचा पट्टा, बाईचाच असं नाही. गुजरातीत 'लूगडुं' अजूनही कोणत्याही कपड्याला म्हणतात. मराठीत तो शब्द आकसून बाईच्या नऊवारीपुरता उरला. दोन्ही शब्द मुळात नुसत्या कापडाचे. त्यांचं वस्त्र होतं ते नेसल्यावर.

तेव्हा पुतणीला सांगा, शिवलेली असेल तर 'मी नऊवारी घातली' खुशाल म्हण. सासूबाईंना मात्र एक विनंती करा: एखाद्या सणाला न शिवलेलं लुगडं काढून तिला त्यांनीच नेसवावं. कासोटा पहिल्यांदा सुटेल, ओचा सैल पडेल, पुन्हा बांधावा लागेल. मग ती आरशासमोर उभी राहून काय म्हणते ते ऐका. 'काकू, मी नऊवारी नेसले.' नेसले. 'मी नेसली' नव्हे.