लेकीचं चित्र, दुसऱ्याचा फोटो आणि गुळाच्या दुकानाचं कॅलेंडर

प्रश्न : वकीलसाहेब, माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. बाहेरगावी एका निवासी शाळेत अमेरिकन अभ्यासक्रमाच्या बारावीला आहे आणि तिनं ‘एपी आर्ट अँड डिझाइन’ या कॉलेजच्या पातळीच्या अमेरिकन परीक्षेतला ड्रॉइंगचा पोर्टफोलिओ, म्हणजे तपासायला पाठवायचा चित्रांचा संच, घेतलाय. विषय, तालमीतली लाल माती. दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर तिनं चारकोलनं नऊ चित्रं काढली. त्यातली चार इथल्याच एका छायाचित्रकाराच्या इन्स्टाग्रामवरच्या फोटोंवरून काढलीत. अंगाला माती लावणाऱ्या पैलवानाचं चित्र माझ्या दिरांना इतकं आवडलं की त्यांनी मार्केट यार्डातल्या आपल्या गुळाच्या अडत दुकानाचं कॅलेंडर त्यावर छापून घेतलं. तीनशे प्रती, गिऱ्हाइकांना फुकट वाटायला. आता त्या छायाचित्रकाराची वकिलामार्फत नोटीस आलीय : दोन लाख रुपये भरा, मुलीनं लेखी माफी मागावी, नाहीतर पोलिसांत तक्रार. शाळेतल्या बाई म्हणतात, शिक्षणासाठी केलेलं चालतं. दीर म्हणतात, तीस टक्के बदल केला की कॉपीराइट लागत नाही. पोर्टफोलिओ मे महिन्यात पाठवायचाय आणि पोरगी रडून बेजार आहे. शिवाय शाळेच्या प्रवेश अर्जात लिहिलंय की विद्यार्थ्यांनी केलेलं सगळं काम शाळेच्या मालकीचं. हे खरं का? — एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी दिरांना फोन करा आणि उरलेली कॅलेंडरं वाटणं आजच थांबवायला सांगा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

तुम्हाला घोर लागलाय पोर्टफोलिओचा, पण कायद्यात तुमची खरी कच्ची बाजू कॅलेंडर आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५५ मध्ये एक सवलत आहे. उल्लंघन केलं त्या दिवशी त्या कामावर कुणाचा कॉपीराइट आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं आणि तसं वाटायला वाजवी कारणही नव्हतं, हे दाखवता आलं तर कोर्ट मनाई हुकूम देतं आणि फार तर मिळवलेला नफा द्यायला लावतं, नुकसानभरपाई लावत नाही. इन्स्टाग्रामवर नावानिशी टाकलेल्या फोटोबाबत ही सवलत मिळवणं आधीच अवघड. नोटीस हातात पडल्यावर तर ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोयच उरत नाही. त्यानंतर वाटलेलं प्रत्येक कॅलेंडर जाणूनबुजून वाटलेलं ठरेल. फुकट वाटलं हा बचाव पुरेसा नाही, कारण त्यावर दुकानाचं नाव आहे आणि ते धंद्यासाठीच छापलंय.

आता पोलिसांची भीती. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितलंय. त्यामुळं धमकी पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पण धंद्यातल्या फायद्यासाठी न केलेल्या उल्लंघनाला याहून कमी शिक्षा देण्याची मुभा त्याच कलमात आहे. आणि मुलगी कायद्यानं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची आहे. तिचा विषय गेलाच तर बाल न्याय मंडळापुढं जाईल, आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १० प्रमाणं तिला पोलिस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. हे आज रात्री तिला शेजारी बसवून सांगा. सतरा वर्षांच्या पोरीनं चित्र काढल्याबद्दल जेलची स्वप्नं बघावीत, हे मला सहन होत नाही. दिरांनी मात्र हे प्रकरण हलक्यात घेऊ नये.

दोन लाखांचा आकडा कायद्यानं ठरवून दिलेला नाही. कलम ६३ मधला दोन लाखांचा दंड सरकारजमा होतो, छायाचित्रकाराच्या खिशात जात नाही. त्यांना भरपाई हवी असेल तर कोर्टात नुकसान दाखवावं लागेल. असा दावा जिल्हा न्यायालयात, म्हणजे आपल्याकडं कसबा बावड्यात चालतो, आणि अज्ञान मुलीविरुद्ध तो अ.पा.क., म्हणजे दाव्यात तिच्या वतीनं बाजू सांभाळणारा पालक, नेमल्याशिवाय चालत नाही.

मूळ मुद्द्याकडं येते. फोटोवरून चारकोलनं चित्र काढलं तर ती नक्कल होते का? होऊ शकते. कलम १४ नं कलाकृतीच्या मालकाला ती कोणत्याही भौतिक स्वरूपात पुन्हा घडवण्याचा हक्क दिलाय. कॅमेऱ्याऐवजी कोळसा वापरला म्हणून तो हक्क संपत नाही. कल्पनेवर मात्र कुणाची मालकी नाही. पैलवानानं अंगाला माती लावणं, शड्डू ठोकणं, हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला बसून लंगोट आवळणं हे सगळ्यांचं आहे. पण पहाटे पाच वाजता झरोक्यातून आलेला तो एक तिरपा उजेड, खांद्यावरून उडालेली ती माती आणि तो क्षण नेमका पकडलेली चौकट ही त्या माणसाची आहे. तो तिथं किती पहाटे जाऊन उभा राहिला असेल याचा आपणही विचार करावा. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं साधी कसोटी दिली : दोन्ही कामं पाहणाऱ्याला दुसरं पहिल्याची नक्कल आहे असं नि:संशय वाटतं का? तुमच्या लेकीची चारही चित्रं फोटोशेजारी ठेवा आणि ज्याला यातलं काही ठाऊक नाही अशा शेजाऱ्याला दाखवा. उत्तर मिळेल.

तीस टक्क्यांचा नियम आपल्या कायद्यात कुठंही नाही. इन्स्टाग्रामवर टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं, हेही तसंच. आणि ‘तुमच्या फोटोची नोंदणी कुठाय?’ असं उत्तर चुकूनही पाठवू नका, कारण कॉपीराइट नोंदणीशिवायही मिळतो. चित्राखाली नाव दिल्यानंही परवानगी मिळत नाही. पण नाव द्यावंच, कारण आपलं काम आपलं म्हणवून घेण्याचा हक्क कलम ५७ नं कलावंताला दिलाय.

एक गोष्ट मात्र तपासा. फोटो कुस्ती मैदानाच्या आयोजकांनी किंवा तालमीनं पैसे देऊन काढून घेतले असतील आणि दुसरा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणं पहिले मालक तेच असू शकतात. मग परवानगीही त्यांच्याकडूनच घ्यावी लागेल. हे विचारायचं ते योग्य दारी जाता यावं म्हणून. छायाचित्रकाराला खोटं पाडायला नको.

शाळेतल्या बाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली प्रत कलम ५२(१)(झ) खाली उल्लंघन ठरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये ‘शिकवण्याचा ओघ’ वर्गातल्या तासापुरता मर्यादित नाही असं मानलं. त्यामुळं घरी सरावासाठी किंवा शाळेच्या अभ्यासात काढलेल्या चित्रांना चांगला आधार आहे. ते चित्र अडत दुकानाच्या भिंतीवर गेलं की तो आधार सुटतो.

पण कायद्यानं सुटलं म्हणजे परीक्षेत चाललं असं नाही. इथं बाईंनी जास्त जपून बोलायला हवं होतं. एपी परीक्षा घेणाऱ्या ‘कॉलेज बोर्ड’ या अमेरिकन संस्थेचा नियम आपल्या कायद्याहून कडक आहे. दुसऱ्याचा फोटो किंवा छापील प्रतिमा वापरली तर नकलेच्या फार पुढं गेलेला ठोस विकास चित्रातच दिसला पाहिजे. माध्यम बदलून उतरवलेलं काम आपलं म्हणून दाखवणं ते वाङ्मयचौर्यासारखंच मानतात, आणि अशा पोर्टफोलिओला गुण द्यायला नकार देऊ शकतात. कुणी सुचवेल की फोटो एआयमध्ये घालून वेगळा करून घ्या. ते तर अजिबात नको. निर्मितीच्या कुठल्याही टप्प्यावर एआय वापरायला तिथं सक्त मनाई आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : ती चार चित्रं अंतिम कामांत घालू नयेत. परवानगी मिळाली तरीही. परवानगीनं कॉपीराइटचा प्रश्न मिटेल, स्वतःच्या कामाचा मिटणार नाही. या पोर्टफोलिओत ६० टक्के गुण एकाच प्रश्नाचा दीर्घकाळ घेतलेल्या शोधाला आहेत. त्यासाठी १५ प्रतिमा लागतात, आणि त्यांत कच्ची रेखाटनं, प्रयोग, फसलेले आणि पुन्हा केलेले प्रयत्न यांनाही जागा आहे. उरलेले ४० टक्के निवडक पाच कामांना. म्हणजे नऊतली चार गेली तरी सारं संपलं असं होत नाही.

आणि ताई, तिला एक विचारा. तिनं फोटो का वापरले? आळस केला असेल असं मला वाटत नाही, नाहीतर उरलेली पाच चित्रं झाली नसती. काही तालमींत बायकांना आजही हौद्यापर्यंत जाता येत नाही. दारात थांबावं लागलं म्हणून तिनं दुसऱ्याचे डोळे उसने घेतले असतील, तर तोच तिचा खरा प्रश्न आहे. उंबऱ्याबाहेरून दिसणारी लाल माती कशी दिसते? बाहेर काढलेल्या चपला, दोरीवर वाळणारे लंगोट, पायावर सुकलेली माती घेऊन चहाला आलेली पोरं. हे कुठल्याही फोटोत तिच्यासाठी तयार करून ठेवलेलं नाही. आपल्या जिल्ह्यात आता मुलींच्याही कुस्तीचा सराव चालतो, तिथंही जाता येईल. चित्रकार आबालाल रहिमान रंकाळ्याच्या काठी बसून पाणी आणि उजेड रंगवायचे. त्याच गावची ही पोर आहे.

वस्तादांना आधी विचारा. पैलवानांनाही विचारा, आणि त्यांच्यात लहान मुलं असतील तर त्यांच्या आईवडिलांना. तिनं स्वतःच्या मोबाइलवर संदर्भासाठी फोटो काढावेत. ती सोबत असताना भावानं काढले, तर फोटोचा कर्ता भाऊ ठरतो. घरातलीच गोष्ट असली तरी तेवढं लक्षात ठेवा. जुन्या चित्रांवरून अभ्यास करायचा असेल तर कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. आबालाल १९३१ मध्ये गेले, बाबूराव पेंटर १९५४ मध्ये, म्हणजे दोघांचंही काम आता मोकळं आहे. दसरा चौकातल्या शाहू महाराजांच्या पुतळ्यासारखं सार्वजनिक जागी कायम उभारलेलं शिल्प रेखाटायलाही कायद्याची आडकाठी नाही. परीक्षेचा नियम मात्र इथंही लागू आहे.

शाळेच्या अर्जाबद्दल थोडक्यात. विद्यार्थी शाळेचा नोकर नसतो. चित्राची पहिली मालकीण तुमची मुलगीच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीचा दस्त लागतो, त्यात कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहावं लागतं. अर्जातली ती मोघम ओळ या कसोटीला उतरते असं मला वाटत नाही. शाळेला एक पत्र द्या : प्रदर्शनात आणि शाळेच्या वार्षिक अंकात नावासह वापरायला परवानगी आहे, मालकी दिलेली नाही. पोच घ्या.

राहिलं नोटिशीचं उत्तर. मुदतीच्या आत द्यायचं, आणि मुलीची सही कशावरही घ्यायची नाही. अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो आणि तिच्या सहीचा माफीनामा उद्या भलत्याच ठिकाणी वापरला जाऊ शकतो. उत्तर तुम्ही आणि दीर यांनी वकिलामार्फत, ‘आमच्या हक्कांना बाधा न येता’ असं लिहून द्यायचं. किती कॅलेंडरं वाटली आणि किती उरली हा खरा आकडा, उरलेली परत गोळा केल्याचं, चित्र पुन्हा न छापण्याचं आश्वासन, आणि छापलेल्या प्रतींसाठी वाजवी मोबदल्याची तयारी, एवढं त्यात यावं. मोबदला दिरांनी द्यावा, कारण छापलं त्यांनी. त्याच समझोत्यात छायाचित्रकारांकडून एक ओळ लेखी मागून घ्या की मुलीनं अभ्यासासाठी काढलेल्या चारही चित्रांबाबत त्यांची तक्रार उरलेली नाही.

वकिलांची पत्रं सुरू झाली म्हणून माणसांनी बोलायचं नाही असं नसतं. उत्तर पोचल्यावर त्यांच्या वकिलांना कळवून तुम्ही आणि मुलगी त्यांच्या स्टुडिओत जा. मूळ चित्रं सोबत न्या आणि तिलाच बोलू द्या.