सतरा वर्षांच्या भाच्याला क्लबचा करार आणि प्रोटीन पावडरची जाहिरात एकदमच आली आहे. मामा म्हणून मी सही करू का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: भाचा परभणीचा, एका फुटबॉल क्लबने पाच वर्षांचा व्यावसायिक करार पुढे केलाय, आणि त्याच आठवड्यात एक पावडरवाला 25 हजार रुपये, महिन्याला दोन डबे आणि चार पानी इंग्रजी कागद देऊन गेलाय.

मामाची सही चालत नाही, हे आधी मिटवू. 1872 चा करार कायदा अठराच्या आतल्या लेकराला करार करायला सक्षम मानत नाही. 1903 च्या मोहोरीबीबी खटल्यापासून अज्ञानाचा, म्हणजे अठराच्या आतल्याचा, करार मुळातच रद्दबातल धरतात. म्हणून समोरचे पालकांची सही मागतात, आणि पालक म्हणजे आई-वडील. तुम्ही हौसेने जामीनदार झालात तर मात्र उद्याची नोटीस तुमच्या दारात येऊ शकते.

क्लबच्या कराराची मला फारशी धास्ती नाही, कारण त्याला फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमांचं कुंपण आहे. अठराच्या आतल्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही. पाच वर्षं लिहिणाऱ्याला एक तर हे माहीत नाही, नाहीतर तुम्हाला माहीत नसेल असं तो धरून चाललाय. ‘मेडिकलमध्ये पास झाला तरच करार लागू’ ही अटही चालत नाही; तपासणी काय ती सहीच्या आधी. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन, पंधरा दिवस वाट बघून खेळाडू बाहेर पडू शकतो.

जाहिरातीचा कागद मात्र उघड्या रानात उभा असतो. मी संभाजीनगरला वकिली करतो, बहुतेक जमिनीचीच कामं. मागे नांदेडचा एक पोरगा आईला घेऊन आला होता. चार घड्या घातलेला स्टॅम्प पेपर, त्यावर आधीच कोणीतरी पेन्सिलने सहीच्या जागी फुली मारून दिलेली. रक्कम पंधरा हजार. नववं कलम म्हणत होतं की करार संपल्यावरही दोन वर्षं प्रत्येक नवी ऑफर आधी त्यांना दाखवायची आणि त्यांनी तेवढेच पैसे दिले तर त्यांच्याकडेच राहायचं. याच जातीचं कलम झहीर खानच्या करारात होतं (आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचा तो). 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते करार संपल्यानंतरच्या काळासाठी टिकत नाही असं सांगितलं. आधार करार कायद्याचं कलम 27, कामधंद्याला आडकाठी घालणारा करार रद्द धरणारं. पण दिल्लीपर्यंत भांडायची ऐपत झहीरची होती. आम्ही नववं कलम पेनने खोडलं, शेजारी दोन्ही बाजूंच्या छोट्या सह्या घेतल्या, संपलं.

तुमच्या कागदात मी सगळ्यात आधी एकच वाक्य शोधेन: ‘खेळाडूने हे उत्पादन रोज वापरणे बंधनकारक राहील.’ असेल तर ते काढल्याशिवाय पुढे जाऊच नका. डोपिंगच्या नियमात शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. डब्यात भेसळ होती हे सिद्ध झालं तर शिक्षा कमी होऊ शकते, पण ते सिद्ध करेपर्यंत हंगाम गेलेला असतो. पंचवीस हजारांत कोणी करिअर गहाण ठेवत नाही. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीबद्दल चेहरा देणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आहे. पावडर खरंच काय करते याची आपण चौकशी केली होती हे दाखवता आलं तर सुटका होते, तेव्हा त्यांचा अन्न परवाना आणि तपासणीचे कागद मागून फाइलला लावा.

क्लबची जर्सी घालून फोटो काढू नका. संघाच्या पोशाखातल्या चित्राचे हक्क बहुधा क्लबकडे असतात. मैदानावर तर आणखी जपा. 2012 च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कच्या बेंटनरने गोल केल्यावर एका सट्टा कंपनीचं नाव असलेली अंतर्वस्त्रं दाखवली, त्याला एक लाख युरो दंड आणि एका सामन्याची बंदी पडली.

भाचा अठराचा कधी होतो ते तुम्ही लिहिलं नाही. चार-सहा महिन्यांचाच प्रश्न असेल तर क्लबचा करार तीन वर्षांवर आणून घ्या, आणि पावडरवाल्याला सांगा, वाढदिवस झाल्यावर या, पोरगा स्वतः वाचून सही करेल.